वावडीवरचं आवतण

गजेंद्रराजांनी शत्रूला आकाशातून घाबरवायचं ठरवलं आणि सटवाजी दवंडीवाल्याची जीभ पणाला लागली.

झालं असं, की घारगडाचा किल्लेदार हैबतराव दार लावून बसला होता. हा हैबतराव राजांचा सख्खा मेहुणा, राणीसाहेबांचा भाऊ. राजांनी गडाला वेढा घातला, पावसाळा गेला, थंडीही सरत आली, तरी दार उघडेना. तोफेचे गोळे निम्म्या कड्यावर आपटत आणि गडगडत राजांच्याच मुदपाकखान्याकडे येत. शेवटी दिवाणजींनी अक्कल पाजळली. शत्रूच्या डोक्यावरून आवाज आला, की त्याचं धैर्य खचतं म्हणे! मग बांबू आणि मेणकापडाची, देवळाच्या सभामंडपाएवढी वावडी बांधली. पतंग कसला, उडता मांडवच तो. खाली टोपली, टोपलीला पितळी कर्णा आणि दोर सोडायला विहिरीचा रहाट. समोरच्या टेकडीवरून सोडली, की वारा तिला नेमकी गडावर नेई.

टोपलीत बसायचा मान सटवाजीचा. गावोगाव दवंडी पिटून त्याने आवाज कमावला होता, आणि गावोगाव जेवून पोटही. कशीबशी वावडी वर गेली. दिवाणजींनी लिहून दिलेलं सटवाजी कर्ण्यातून गरजला, "थरथर कापा! शरण या, नाहीतर गडाची राखरांगोळी करू!"

गडावर आधी हशा पिकला. मग बायकांनी तटावरून अशा शिव्या हासडल्या, की वेढ्यातले शिपाई कौतुकाने ऐकत राहिले. त्यामागून शेणाचे गोळे आले. वावडी भेलकांडली आणि सटवाजी टोपलीसकट राजांच्या तंबूवर उतरला.

राजे तंबूतच होते.

"उद्या सूर्य मावळायच्या आत दार उघडलं पाहिजे," तंबूतून बाहेर पडल्यावर ते म्हणाले. "एकही माणूस न मरता. आणि सगळा गड बिनहत्याराचा खाली आला पाहिजे. नाही आला, तर तुझी जीभ छाटीन."

सटवाजीची लेक हौसा बापासोबत हलगी वाजवायची. जीभ गेली तर दवंडीवाल्याचं उरतं काय? पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. तिने दिवाणजींना गाठलं.

"दिवाणजी, हैबतराव मुळात रुसले कशावरून?"

दिवाणजी खाकरले. "युवराजांच्या लग्नाची अक्षत त्यांना घोड्याच्या मोतद्दाराहाती पाठवली. मी म्हटलं, घरचेच तर आहेत."

"नवऱ्या मुलाच्या मामाला? मोतद्दाराहाती?" हौसाने कपाळावर हात मारला. "अवो, आमच्यात एवढ्यावरनं दोन पिढ्या बोलत नाहीत! आणि तुम्ही त्यांना राखरांगोळीच्या धमक्या देताय व्हय?"

ती तडक राजांपुढे गेली. "महाराज, उद्या मी वर जाते. आबांपरीस हलकी आहे. पण वावडीतनं जे बोललं जाईल, तो महाराजांचा शब्द. मागनं फिरवायचा नाही."

राजांनी मिशीला पीळ दिला. "माझ्या मुलखात आकाशातून दुसरं कोण बोलणार? दिला शब्द."

दुसऱ्या दिवशी हौसा वर गेली, ती सूपभर अक्षता घेऊन. वारा जोराचा होता आणि टोपली गरगरत होती. डोळे मिटून घ्यावेत असं तिला फार वाटलं. पण गड टोपलीखाली येताच तिने सूप पालथं केलं. हळदकुंकवाचे तांदूळ तटावर, पागेवर आणि थेट हैबतरावांच्या पागोट्यावर पडले.

"हैबतमामा, राम राम!" ती कर्ण्यातून म्हणाली. "मामावाचून कार्य झालं, ते झालंच नाही म्हणतात राजे. आज सगळ्या गडाला चूलबंद आवतण आहे. कुणी घरी चूल पेटवायची नाही. पंगत मोठी आहे, ताट-तांब्या ज्याचा त्याने आणायचा. आणि मामा पाटावर बसल्याबगर राजे तोंडात घास घालायचे नाहीत!"

खाली राजांनी नुकताच बेसनाचा लाडू तोंडाशी नेला होता. दिवाणजींनी तो हळूच काढून घेतला. "महाराज, शब्द."

हैबतराव पाठ फिरवून उभे राहिले. पण पागोट्यावरची अक्षत काही त्यांनी झटकली नाही. त्यांच्या बायकोने तर चिंचेने ताट घासायलाही घेतलं होतं. हे वरून पाहिलं तेव्हा हौसाच्या जिवात जीव आला.

ऊन कललं. उपाशी राजे तंबूपुढे येरझारा घालत, येईल त्याच्यावर खेकसत होते. आणि मग करकरत गडाचं दार उघडलं. पुढे हैबतराव, मागे बायकापोरं, म्हातारेकोतारे आणि झाडून सगळे शिपाई. कमरेला एक चाकूसुद्धा नाही.

वावडी उतरली तसं राजांनी हौसाला समोर ओढलं. "तुला त्यांना घाबरवायला पाठवलं होतं. तू तर माझ्या नावावर गावजेवण घातलंस!"

"दार उघडलं, महाराज?"

"उघडलं."

"कुणी मेलं?"

"मीच मरतोय, भुकेनं. पण मला सांग, एवढी अक्षत टाकलीस तरी तो हैबतराव महासंशयी. त्याच्या शिपायांनी हत्यारं मागे ठेवलीच कशी?"

"एका हातात ताट, दुसऱ्या हातात तांब्या," हौसा म्हणाली. "तलवार धरायला तिसरा हात आणायचा कुठनं?"

राजांनी गडावरून उतरणाऱ्या रांगेकडे पाहिलं. खरंच, कुणाचाही हात मोकळा नव्हता. खुद्द हैबतरावांच्याही हातात घासून लखलखीत केलेलं ताट होतं. राजे असे खदाखदा हसले, की हैबतरावांचा रुसवा तिथेच सुटला आणि मेहुणे-मेहुणे पोट धरून हसू लागले. राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या मनगटात घातलं आणि हुकूम सोडला, की यापुढे राज्यातली लढाई असो की लग्न, आधी हौसाला विचारायचं.

मग पानं वाढली. सटवाजीने धास्तावलेलं तोंड उघडलं आणि त्याच्या शाबूत जिभेवर पहिला लाडू राजांनी आपल्या हाताने ठेवला.