निसणगडाच्या दोन वाटा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. गावात प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. निसणगडाच्या पायथ्याशी कोयाजी पाथरवट आणि त्याची बायको भागू राहत होती. गडाच्या पायऱ्या कोयाजीनंच खोदल्या, असं म्हणतात.

एके दिवशी किल्लेदारानं त्याला हुकूम केला, "खिंडीतून आणखी एक वाट खोद. अगदी खरीसारखी. पण ती कड्यावर संपली पाहिजे. शत्रू चढेल आणि थेट दरीत जाईल."

हुकूमच तो! कोयाजीनं तीन वर्षं खपून वाट खोदली. मग तो वर गडावर दुसऱ्या कामाला लागला. भागू रोज त्याची भाकरी घेऊन वर जायची. खिंडीत आली की समोरचा बुरूज बघायची आणि खऱ्या वाटेला वळायची.

एका श्रावणात असं धुकं उतरलं की बुरूजच दिसेना. भागू अंदाजानं वळली आणि चढू लागली. पायाखाली नवऱ्याच्याच हातच्या पायऱ्या होत्या, मग भीती कसली? तेवढ्यात खालून त्याची हाक आली, "भागे, जागची हलू नगं!"

भागू चक्रावली. हा तर वर कामाला, मग आवाज खालून कसा? तर भाकरीची वेळ टळली म्हणून कोयाजी तिला शोधत, वाट सोडून घळीतून थेट खिंडीत उतरला होता. त्यानं दगडावर हातोडा ठोकायला घेतला आणि त्या आवाजाच्या रोखानं ती पायरी पायरी खाली आली.

"म्या खऱ्या वाटंवर हुते का खोट्या?" तिनं विचारलं.

कोयाजी वाकला. त्यानं दोन्हीकडच्या पायऱ्या चाचपल्या, पुन्हा पुन्हा चाचपल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मलाच वळखू येईना गं. खोटी वाट जरा तरी वंगाळ खोदायची हुती. पर वंगाळ पायरी मला जमलीच न्हाई."

"मग आता?"

"मोडून येतो. तू हितंच थांब."

"कंची मोडणार?" तिनं ओरडून विचारलं. तोवर तो धुक्यात शिरला होता, आणि कोणत्या वाटेनं गेला तेही तिला दिसलं नाही.

नऊ दिवस धुकं हललं नाही. नऊ दिवस हातोडा वाजत होता. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. दहाव्या दिवशी ऊन पडलं. माणसं वर धावली आणि तोंडात बोटं घालून उभी राहिली. एकही पायरी मोडलेली नव्हती. उलट कड्याला वळसा घालून नव्या पायऱ्या निघाल्या होत्या. दोन्ही वाटा गडाच्या दारापर्यंत पोचल्या होत्या! नऊ दिवसांत एका माणसाच्यानं हे कसं झालं, ते मलाही उमगत नाही.

कोयाजी मात्र कुठंच नव्हता. कोणी म्हणतं, शेवटची पायरी खोदून तो दरीत गेला. कोणी म्हणतं, किल्लेदाराच्या भीतीनं पळाला. भागूला यातलं काहीच पटेना. ती दारापाशी जाऊन बसली. "कंच्याबी वाटंनं आला तरी हितंच यील," म्हणाली. ती तिथं किती वर्षं बसली, यावरही गावाचं एकमत नाही.

आता गडावर कुणीही चढतं, कुणी या वाटेनं, कुणी त्या. खोटी कोणती होती, हे कुणालाच माहीत नाही. पण आमच्याकडची माणसं दारापाशी पोचली की बाहेरच बसतात. आपल्यातला शेवटचा माणूस वर येईपर्यंत कुणी उंबरा ओलांडत नाही.