टिटवीचे हेल

मुलांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, त्या वेळी मी डोळे मिटून पडलो होतो, पण ते सोडा. एका रानातल्या तळ्यावर पूर्वी दूरदेशीचे हंस राज्य करीत. पुढे हंस उडून गेले, त्यांची बोली तेवढी मागे राहिली. हरणाचे बोलणे रेड्याला कळेना, रेड्याचे सशाला; म्हणून सगळे हंसांच्याच बोलीत बोलत, पण ज्याचा त्याचा हेल काढून.

त्याच काठावर एक टिटवी राहत असे. तिची अंडी उघड्या जमिनीवर. पाण्यावर येणाऱ्या जनावरांनी ती दोनदा तुडवली होती. तळ्याच्या पहारेकऱ्याला राहायला उंच टेकाड मिळते असे कळताच ती परीक्षेला गेली. परीक्षक होता बगळा.

"म्हणा, लांडगा आला, पळा," बगळा एका पायावर उभा राहून म्हणाला. टिटवीने म्हटले.

"तुमच्या उच्चारांना चिखलाचा वास येतो, टिटवीबाई."

"चिखलातच जन्मले, बगळेबुवा. पण कळलं ना?"

"कळणं वेगळं, शोभणं वेगळं."

टेकाड मिळाले पोपटाला. तो हुबेहूब हंसांसारखा नाकात बोले. टिटवीने मुकाट्याने पुन्हा काठावरच चार अंडी घातली.

तिसऱ्याच दिवशी लांडगा आला. पोपटाने नाजूक स्वरात इशारा दिला. पाणी पिणाऱ्यांनी माना वर केल्या.

"काय गोड बोलतो, नाही?" ससा म्हणाला.

"शेवटचा सूर ऐकलास? अगदी हंस," हरीण म्हणाले.

"पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या," रेड्याने फर्माईश केली. पोपट खूश होऊन पुन्हा म्हणाला, जरा सावकाश.

लांडगा तोवर लव्हाळ्यात शिरला होता. टिटवीने आपल्या चिखली हेलात ठणाणा केला, "लांडगा आला, पळा. उजवीकडून पळा, डावीकडे माझी अंडी आहेत." त्यात वाहवा करण्याजोगे काहीच नव्हते, त्यामुळे अर्थ थेट पायांत उतरला. सगळे सुटले, आणि डावीकडे एकही खूर पडला नाही. बगळा तर सर्वांच्या पुढे होता.

संध्याकाळी बगळ्याने मान खाली घालून चूक कबूल केली आणि टेकाड टिटवीला दिले.

आता खरे सांगतो, हे शेवटचे वाक्य माझ्या पदरचे आहे. बगळ्याने मान खाली घातली होती ती मासा दिसला म्हणून. टेकाड तिला दिले रेड्याने.

तात्पर्य : बोली कुठून का आलेली असेना, जो बोलतो त्याची ती होते, म्हणून हेल तोलत बसण्याआधी सांगणारा काय सांगतो ते ऐकावे.