पारावरचा खळगा

कोंढूरच्या चौकातला दगडी पार फार जुना. वाचन, भजन, गप्पा असं सगळं तिथं भरवायचं म्हणून गावानं तो घासूनपुसून लख्ख केला. तेवढ्यात जुन्या वास्तू जपणारे मोठे साहेब शहरातून आले आणि कडाडले, "बसून बसून दगड झिजवलात! उद्यापासून कुंपण. कुणी टेकायचंसुद्धा नाही!" आणि हुकूम लिहायला स्वतःच पारावर टेकले.

गाव मागं सरलं. समोरच्या चहावाल्या हौसाक्काला मात्र राहवेना. चहा पुढं करत तिनं विचारलं, "साहेब, एवढा पार मोकळा, अन् या खळग्यातच का बसलात?"

"इथं बरं बसता येतं."

"येणारच की! पाथरवटानं नुसता दगड रचला. तो बसण्याजोगा आमच्या सात पिढ्यांनी केला, बसून बसून. हेही काम जुनंच आहे, साहेब. ते बंद पाडून काय जपणार?"

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी हुकूम फाडला आणि ते ओशाळून उठू लागले.

"उठता कशाला?" हौसाक्का म्हणाली. "बसा निवांत. तेवढाच आमच्या कामाला हातभार!"