गुडघ्याची हाक

देवखारीच्या जुन्या बंदराला वळसा घालून पुढं गेलं, की कातळाच्या पोटात एक घळ दिसते. दिसते म्हणजे ओहोटीलाच. भरतीला तिथं नुसता समुद्र असतो, आणि इथं आत जायला वाट आहे असं कुणी शपथेवर सांगितलं तरी पटू नये. घळीच्या तोंडाशी एक बसका दगड आहे, माणसं बसून बसून गुळगुळीत झालेला. मे महिन्याच्या सुट्टीत घाटावरून गाड्या उतरतात. मंडळी वाटेत धरणांची तळी बघून, लेण्यांच्या पायऱ्या चढून, दोन-तीन जुन्या बंदरांत मासे खाऊन इथं पोचलेली असतात, आणि मोबाइलचा दिवा लावून थेट आत शिरायला बघतात. तेव्हा दाजी सारंग आडवे येतात. दाजींचं वय झालंय, पण आवाज अजून गलबतावरचाच आहे.

"थांबा," ते म्हणतात. "तुमच्यात सगळ्यात भित्रं कोण?"

लोक हसतात. नवरा बायकोकडे बोट दाखवतो, बायको नवऱ्याकडे. दाजी हसत नाहीत. जो खरोखर भितो त्यानं आपल्या तोंडानं तसं कबूल करायचं, आणि या दगडावर पाण्यात पाय सोडून राखणीला बसायचं. पाणी चढू लागलं की ते अंगाला कुठवर आलं, हे त्यानं ओरडून सांगायचं. 'घोटा' म्हटलं की आतल्यांनी आवरायला घ्यायचं, 'पोटरी' म्हटलं की वळायचं, आणि 'गुडघा' म्हटलं की कुणी आत असता कामा नये. मागं एकदा तरण्याबांड पोरांची टोळी आली होती. त्यांच्यात म्हणे कुणीच कशाला भीत नव्हतं. दाजींनी त्यांना आल्या पावली परत धाडलं, आणि वर त्यांच्या गाडीमागं बराच वेळ बडबडत उभे राहिले.

हा रिवाज कसा पडला, त्याची हकिकत गावात सांगतात ती अशी.

फार पूर्वी, देवखारीला मोठमोठी गलबतं लागत तेव्हा, बंदरावर एका तांडेलाचं, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याचं, घर होतं. घरात दोन सुना. थोरली बायजा ही बंदरातच जन्मलेली, खाऱ्या वाऱ्यात वाढलेली. एकदा वादळात नवऱ्याचा हात मोडला, तेव्हा सुकाणू धरून मचवा तिनंच किनाऱ्याला आणला होता. धाकटी आवडी घाटावरची. लग्न होईपर्यंत तिनं गावच्या ओढ्यापलीकडं पाणी पाहिलेलं नव्हतं. सासरी पहिल्या रात्री लाटांचा आवाज ऐकून तिनं नवऱ्याला विचारलं, म्हणे, "हे थांबतं कधी?"

ते थांबत नाही हे कळल्यापासून आवडीच्या जिवाला घोर लागला. तिला होडीची भीती, वाऱ्याची भीती, पायाखालून सरकणाऱ्या वाळूची भीती. खेकडा दिसला तरी ती किंचाळायची. बंदरावरच्या बायकांना चांगलाच खेळ मिळाला. भित्री भागूबाई हेच तिचं नाव पडलं, आणि खुद्द सासूनंही तिला त्याच नावानं हाक मारायला सुरुवात केली.

एरवी हे चालून गेलं असतं. पण वैशाखात देवखारीच्या सगळ्या विहिरी मचूळ होत. गोडं पाणी उरे ते एकाच जागी, या घळीच्या टोकाला. तोंडातून आत शिरलं की एक ठेंगणा बोळ लागतो. त्यातून वाकून गेलं की आत ऐसपैस पोकळी आहे, आणि तिच्या मागच्या भिंतीतून एक झरा पाझरतो. बायकांनी ओहोटीला आत जायचं, कोनाड्यातल्या पणतीच्या उजेडात कळश्या भरायच्या, आणि समुद्र वळायच्या आत बाहेर यायचं. तोंडाशी एकीनं राखण करायची आणि वेळ झाली की हाक द्यायची. त्या काळी राखणीला गावातली सगळ्यात धीराची बाई बसवत. घाबरट बाई उगाच ओरडेल आणि सगळ्यांना अर्ध्या कळशीनं बाहेर काढील, असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळं हा मान बायजाचा होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आवडीला त्या बोळात शिरताना रोज जीव नकोसा होई. वाकलं की दगड पाठीला लागे, आणि हा दगड असाच खाली बसला तर, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नसे. पण तोंडाशी बायजा बसलेली असे. ती आवडीच्या डोक्यावरची चुंबळ नीट करी आणि म्हणे, "जा गो. मी हाय ना हितं." बायजा तिला हसत नसे असं नाही, सगळ्यांच्या वरताण हसे. तरीपण हे एवढं वाक्य ती रोज न चुकता म्हणे, आणि तेवढ्याच्या बळावर आवडी आत जाई.

त्या वर्षी झरा आटत आला होता. करंगळीएवढी धार. एक कळशी भरायला पूर्वी तीन भरत तेवढा वेळ लागू लागला. अमावास्या नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस. सकाळी बायका आत गेल्या तेव्हा समुद्र पार लांब हटलेला होता आणि सगळं शांत होतं. पण आदल्या दिवसापासून दूर कुठंतरी वादळ घोंघावत असलं पाहिजे, असं जाणते सांगतात. किनाऱ्यावर त्याचा पत्ता नव्हता.

आवडीचा नंबर शेवटचा. ती भिंतीला पाठ लावून, अनवाणी पायांनी ओल्या दगडावर उभी होती. झऱ्याचं सांडलेलं पाणी रोज तिच्या पायांखालून वाहत जाई आणि ते बर्फासारखं गार असे. त्या सकाळी मध्येच तिच्या पायाला कोमट पाणी लागलं. ती दचकली. वाकून तिनं बोट बुडवलं आणि चाखलं.

"खारट हाय," ती म्हणाली.

"समुद्र खारटच असायचा गो!" कुणीतरी म्हणालं, आणि आत हशा पिकला.

आवडीनं कळशी तिथंच टाकली आणि बोळातून धडपडत, खांदे खरचटून घेत ती बाहेर पळाली. मागून "भागूबाई गेली, भागूबाई गेली" असा गलका तिला ऐकू येत होता.

तोंडाशी बायजा दगडावर बसलेली होती. पाणी तिच्या पायांशी खेळत होतं.

"वैनी, आत पानी आलंया! सगळ्यास्नी हाक मारा!"

"येवढं येतंच. बायकांच्या कळश्या अजून भरल्या नायत. घरी पोरं पाण्यासाठी टाहो फोडतायत, ती ऐकलीस ना? अजून चार कळश्या होतील. गप ऱ्हा हितं माझ्याजवळ."

बायजा निष्काळजी नव्हती, हे दाजी मुद्दाम सांगतात. तिला भीतीच वाटत नव्हती, आणि कळश्या भरल्या जाव्यात ही तिची कळकळ खरी होती. आवडीला मात्र लाट येताना दिसत होती आणि परत जाताना दिसत नव्हती. आलेलं पाणी तिथंच राहत होतं. समोर किनाऱ्याची वाट मोकळी होती. पळून जावं असं तिला वाटलं नाही का? वाटलं, पोटातून वाटलं. गोष्ट सांगणारे तिला उगाच शूर करत नाहीत. तिचे पाय उचलेनात, एवढंच. आणि मग तिचं भय तोंडावाटे बाहेर पडलं. काय ओरडावं हे तिला सुचेना, म्हणून जे अंगाला लागत होतं तेच ती ओरडत सुटली.

"घोट्याला लागलं! पोटरीला आलं! बायांनो, पोटरीला आलं!"

"अगो, आतल्यांच्या काळजाचं पाणी करशील!" बायजा उठली आणि तिनं आवडीच्या तोंडावर हात दाबून धरला. आवडी तिच्या हाताखाली घुसमटत होती. पाणी गुडघ्याला आलं, आणि ते तिला सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात एक फुगवटा आला. लाट नव्हेच ती, सगळा समुद्रच एक पायरी वर चढला. दोघी कातळावर आपटल्या. बायजानं उठून समुद्राकडं पाहिलं, आणि आवडीनं तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला पाहिला. जी कधी कशाला भ्याली नाही, ती बाई पांढरीफटक पडली होती. आवडी पुढं म्हातारी झाली तरी सांगे, की समुद्रापेक्षा तिला त्या चेहऱ्याचीच भीती जास्त वाटली.

"ओरड," बायजा म्हणाली. "थांबू नको. मी त्यांना घेऊन येतंय."

आणि ती वाकून बोळात शिरली.

आत पणती विझलेली होती. काळोखात पाणी, पाण्यात कळश्या, आणि वाट कुठल्या अंगाला ते कुणालाच उमगेना. ऐकू येत होता तो एकच आवाज, ज्याला त्या घटकाभरापूर्वी हसल्या होत्या. "गुडघा! गुडघा! मांडीला आलं! हिकडं, माझ्याकडं या! कंबर!" त्या आवाजाचा माग धरून एकेक बाई बोळातून बाहेर पडू लागली. पहिल्या चालत आल्या, मागच्या छताला नाक लावून तरंगत आल्या. बाहेर येईल ती कातळावर चढे. आवडी मात्र तोंडाशीच, दगडाला मिठी मारून उभी. ती कापत होती, रडत होती, देवाला नवस बोलत होती आणि मध्येच ओरडत होती. छातीला आलं तेव्हा तिची सासू बाहेर आली. म्हातारी स्वतःच्या बळावर आली नव्हती, मागून तिला कुणीतरी जोरानं ढकललं होतं. पाण्याखालून आलेला तो हात आवडीला दिसला. हातात बायजाच्या हिरव्या बांगड्या होत्या.

"वैनी! गळ्याला आलं! वैनी!"

हात मागं गेला, आत अजून कुणी राहिलं असेल म्हणून असावं. बोळाच्या छताला आणि पाण्याला मध्ये वीतभर फट उरली होती. आवडी त्या फटीशी तोंड नेऊन हाका मारत राहिली, आणि मग पाणी तिच्या तोंडात गेलं. बायकांनी तिला पदराला आणि केसांना धरून वर ओढलं. ती परत खाली जायला धडपडत होती, म्हणे. पाहता पाहता फट मिटली. घळीच्या जागी समुद्र आला.

पुढच्या ओहोटीला गडी माणसं आत गेली. त्यांना कळश्या मिळाल्या, चुंबळी मिळाल्या, आवडीची पोचे आलेली कळशीही मिळाली. बायजा मिळाली नाही. त्यापुढच्या ओहोटीलाही नाही, आणि त्यानंतर कधीच नाही.

वैशाख काही सरला नव्हता. पाणी तर लागणारच. सासऱ्यानं सगळ्यांना बसवून विचारलं, की आता राखणीला कोण? धीराच्या बाया पुष्कळ होत्या, त्यांची नावं निघाली. तेव्हा सासू उठून उभी राहिली. "धाकटी बसली तर आम्ही आत जाऊ," ती म्हणाली. "न्हायतर खारट पाणी पिऊन मरू." त्या दिवसापासून तिनं आवडीला भागूबाई म्हटलं नाही.

आवडीनं हातापाया पडून नकार दिला. पण दुसऱ्या सकाळी ती येऊन दगडावर बसली, आणि जन्मभर बसत राहिली. आता इथं कुणी म्हणेल, की हळूहळू तिची भीती मोडली असेल. तर नाही. ती शेवटच्या दिवसापर्यंत थरथर कापतच त्या दगडावर बसली. कितीदा तिनं नुसत्या शिंतोड्यांना भिऊन बायकांना बाहेर काढलं आणि अर्ध्या कळश्यांवरून शिव्या खाल्ल्या. पण तिच्या राखणीत घळीनं कुणाला घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला समजावून सांगितली नाही. सगळ्या बायका बाहेर आल्या, कळश्या डोक्यावर चढल्या, की ती घळीकडं तोंड करून आणखी एकदा ओरडे. "वैनी, गुडघा!" मग कान देऊन बसे. आपला आवाज ज्या घडीला बंद पडला त्या घडीला बायजा काळोखात कुठं असेल, कुठल्या दिशेला वळली असेल, हेच तिच्या मनात असणार. दुसरं काय असणार? बायका खोळंबत, पण तिला कुणी ऊठ म्हणत नसे.

आजही देवखारीत असंच चालतं. नळाचं पाणी आलं, घळीतून आता कुणी कळशी आणत नाही, लोक झरा बघायला म्हणून जातात. तरी दगडावर राखण बसते, आणि ती भित्र्याचीच बसते. 'गुडघा' झाला, सगळे बाहेर आले, फोटो काढून झाले, की दाजी सारंग दगडावरच्या माणसाला खूण करतात. तो लातूरचा दुकानदार असो, नाहीतर कुणाची सत्तरीची आजी असो, त्यानं आत तोंड करून हाक द्यायची असते, "वैनी, गुडघा!" आत पाणी भिंतीवर थडकत असतं. ओ येत नाही. दाजी म्हणतात, की आपलं खरं काम यानंतरचं असतं. दगडावर बसलेलं माणूस लवकर उठतच नाही. पाणी मांडीला लागतं तरी ते घळीकडे बघत बसून राहतं, आणि दाजींना त्याला दंडाला धरून वर आणावं लागतं.