हैबतीच्या पाठीवरचे टाके

एकदा एक विद्वान शिष्य घाट चढून वर आला आणि माथ्यावरच्या गावात एका वृद्ध गुरूंपाशी राहिला. राहिला म्हणजे चांगली नऊ वर्षे. पण गावाने त्याला कधी ‘आपला’ म्हटले नाही. तो ‘खालचे शास्त्रीबुवा’ होता तो होताच. त्याला ते फार लागे.

त्या गावी वारा असा की घोंगडीवाचून कोणी उंबरा ओलांडत नसे. आणि रीत अशी, की आपली फाटकी घोंगडी आपण शिवायची नाही. ज्याच्या नजरेला भोक पडेल त्याने वाटेतच थांबवायचे, दाभण काढायचे आणि आपल्या घरच्या रंगीत लोकरीचा टाका घालायचा. खाली आपण अंगावरचे वस्त्र शिवू देत नाही, अशुभ मानतो. तिथे ते अंगावरच शिवत. त्या थंडीत काढून द्यायला सांगणार कोण? पाटलांची लोकर पिवळी, सुतारांची तांबडी. माणूस पाठमोरा झाला, की कोणत्या घरांनी त्याला आपला मानले ते दिसे.

शिष्याची घोंगडी काळीभोर, एक टाका नाही. आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्या हैबती मीठवाल्याची पाठ? तिच्यावर मूळचा काळा रंग शोधावा लागे! ती पाठ दिसली की शिष्याच्या अंगाचा तिळपापड होई. ‘मी यांच्या पोरांना अक्षरे शिकवली, आणि टाके या अडाण्याला!’ जेवताना घास गोड लागेना. हैबतीने रामराम घातला तरी हा तोंड फिरवी. काय सांगावे, हेवा शिकल्यासवरलेल्याला जरा जास्तच चावतो.

शेवटी त्याने काहीबाही सबब सांगून चार घरांतून लोकर मिळवली, कोयत्याने स्वतःची घोंगडी फाडली आणि ती मांडीवर घेऊन सुबक टाके घातले. मग ऐटीत चावडीवर गेला. सुतारीणकाकूंनी पाठीवरून हात फिरवला.

“अगं बाई! शास्त्रीबुवा, गाठी कुठायत?”

चावडी खो खो हसली. अंगावर शिवणाऱ्याचा हात बाहेर असतो, म्हणून गाठही बाहेरच राहते. याने शिंप्यासारख्या सगळ्या गाठी आत लपवल्या होत्या.

तो काळाठिक्कर पडून गुरूंकडे आला. गुरूंनी त्याचे टाके एकेक करून उसवले. मग म्हणाले, “तशीच पांघर आणि पलीकडच्या वाडीला माझा निरोप देऊन ये.”

“बाबा, आणखी शोभा करायची आहे का माझी?”

“जा.”

तो गेला. परतला तो धुसफुसतच. “वाटेत नेमका तोच मीठवाला भेटला! म्हणे, ‘थांबा बुवा, पाठ उघडी पडलीय.’ नको म्हटले तरी दाभण काढलेच.”

गुरूंनी पाठ चाचपली. “टाका दिसत नाही.”

“घातला की त्याने!”

“घातला आहे. गाठ हाताला लागते. हैबतीचे इथे घर कुठले आणि घरची लोकर कुठली? त्याने स्वतःच्या घोंगडीच्या काठाचा धागा ओढलाय. काळ्यावर काळा, दिसणार कसा?”

शिष्याने हात मागे नेऊन ती गाठ चाचपली. गुरू म्हणाले, “त्याच्या टाक्यांवर जळालास. पण घोंगडी इतकी फाटते कशाने, हे कधी विचारलेस का? कोणाचे वासरू करवंदीच्या जाळीत अडकले, हा आत शिरला. कोणाच्या घराचे वासे वर चढत होते, याने खांदा दिला. तू नऊ वर्षे घोंगडी जपलीस, बाळा. फाटलीच नाही, तर गाव शिवणार काय?”

शिष्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, “बाबा, तरीही त्याचा हेवा वाटतोच आहे.”

“वाटू दे. इतक्या लवकर कोणाचा गेलाय? तो घेऊनच उद्या त्याच्याकडे जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती मिठाची गोणी उचलायला वाकला, तेव्हा तिचे दुसरे टोक शिष्याने धरले. दोघे चढाला लागले. शिष्य मागे होता आणि वाटभर त्याच्या डोळ्यांसमोर ती रंगीबेरंगी पाठ होती. ती त्याला अजून सलत होती. पण गोणी त्याने खाली ठेवली नाही.