दोन फुलांची बातमी

फणसकोंडीच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, आता सिमेंटचा पूल आहे. पुलावर उभे राहिले की डोक्यावर जांभळ्या फुलांचा मांडव दिसतो. अलीकडच्या फणसावरून निघून पलीकडच्या ऐनाच्या झाडावर गेलेली ही गारवेल. तिची खोडे माणसाच्या दंडाएवढी झाली आहेत. पाहुणे फोटो काढू लागले की गावातला म्हातारा बाळकूआजा म्हणतो, "फुलं बघा, पण पान उलटून बघा आधी." पानाची पाठ राख फासल्यासारखी पांढरी असते. ती का, हे मग तो सांगतो.

फार मागे इथे गोजरा नावाची सुईण राहायची, असे सांगतात. दोन्ही काठांच्या वाड्यांत तिच्या हातून जन्मले नाही असे माणूस सापडायचे नाही. वेल तेव्हाही होती, अशीच पऱ्यावरून पलीकडे गेलेली. ज्याच्या फणसावर ती चढली, त्या राघूला ती डोळ्यांसमोर नको असायची. झाड दबते, फणस धरत नाही, म्हणून भादव्यात तो कोयता घेऊन निघाला. गोजराने त्याला वाटेत अडवले.

"भरल्या फुलाची आहे रे. ओटी भरलेली बाई समज. फुलं झडू देत, मग तोड."

राघू पुटपुटत माघारी गेला.

पुढे पाऊस असा लागला की पऱ्याने लाकडी साकव उचलून नेला. पाऊस ओसरला त्या सकाळी पलीकडच्या काठावर एक माणूस हातवारे करत ओरडू लागला. राघूची लेक अनसा त्या वाडीत दिलेली. पहिलटकरीण, रात्रभर अडलेली, मूल पायाळू. राघू धावत गोजराच्या दारात आला. अनसाचे सांगून त्याने पलीकडे बोट केले.

गोजरा काठावर आली. तिने पाणी पाहिले. ती परत घरात गेली, चुलीतली राख तळहातांना चोळली, काष्टा घट्ट केला आणि फणसावर चढली.

"गोजराआते, जीव जाईल तुझा!" राघू म्हणाला.

"तिकडं दोन जीव आहेत," ती म्हणाली. मग वेलीला हात लावून हळूच बोलली, "बाई, आजवर लोकांच्या लेकी मी सोडवल्या. आज मला तू सोडव. या गावाचा कोयता तुला लागणार नाही."

ती वेलीला लोंबकळत निघाली. खाली पाणी गर्जत होते. मध्यावर एक फांदी काडकन तुटली. राघूने डोळे मिटले. तेव्हा म्हणे वेलीचा कोवळा शेंडा आपणहून तिच्या मनगटाला वेढा घालून बसला, आणि ती पलीकडे ऐनाला टेकेपर्यंत सुटला नाही. जिथे जिथे तिचे हात लागले तिथली पाने मागून पांढरी झाली.

राघू दिवसभर काठावरून हलला नाही. गारवेलीची फुले दुपारी मिटतात, पण त्या दिवशी उन्हे कलली तरी मिटली नाहीत, असे सांगतात. तिन्हीसांजेला गोजरा पलीकडच्या काठावर आली. डोंगरातले पाणी उतरून पऱ्या सकाळपेक्षा चढला होता; त्या आवाजात आता हाक पोचेना. तिने वेलीचे एक फूल तोडून वर धरले. एकच फूल पाहून राघू पाण्याच्या कडेपर्यंत पुढे झाला. तिने दुसरे तोडले, पहिल्याशेजारी धरले आणि हसली. आई आणि लेकरू, दोन्ही सुखरूप. राघू तिथेच मोठ्याने रडला.

गोजराचा शब्द त्यानेच गावाला पाळायला लावला. त्या झाडाचे फणस त्याने पुन्हा कधी मोजले नाहीत.

आजही इथली लेक सासरी बाळंत झाली की सासरचे कोणीतरी पलीकडच्या काठावर येऊन दोन फुले वर धरते. फुलांचे दिवस नसले तर दोन पाने, पांढरी पाठ पुढे करून. बातमी फोनवर केव्हाच आलेली असते. तरी मुलीचा बाप काठावर येऊन उभा राहतो, आणि दोन्ही दिसल्याशिवाय कुणाच्या हातावर गूळ ठेवत नाही.