पितळी खुंटी

गोष्ट जुनी आहे. इतकी जुनी की त्या वेळच्या राजाचं नाव आता सांगणाऱ्यालाही आठवत नाही. त्याच्या राज्यात घाटमाथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एक चितारी राहत होता.

गावची एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळाबरोबर आईची तसबीर घालायची. वाटा लांबच्या, जाणं-येणं अवघड. पुन्हा भेट होईल न होईल, म्हणून आईचा चेहरा सोबत द्यायचा.

या तसबिरी चितारी काढत असे. एकेका आईपुढे तो दिवसच्या दिवस बसे. उजेड फार झाला तर पडदा ओढी. कमी पडला तर समोर पांढरं धोतर टांगून उजेड चेहऱ्याकडे वळवी. पाठ धरे, डोळे चुरचुरत. पण मुली तसबीर छातीशी धरून रडायला लागल्या की त्याचा शीण जाई.

पुढे वय झालं आणि शीण जाईनासा झाला. नेमका तेव्हाच एक फिरस्ता कारागीर गावात आला आणि त्याने चिताऱ्याला एक पेटी दिली. पेटीला काचेचा डोळा होता. पुढ्यात माणूस बसवला की त्याची तसबीर आतल्या कागदावर उमटे. पेटीच्या अंगाला लोखंडाच्या लहान खुंट्या होत्या आणि एक मोठी पितळी खुंटी होती.

"लहान खुंट्या उजेड बघून तुम्ही पिळायच्या," कारागीर म्हणाला. "पितळी पिळलीत की पेटी सगळं आपणच ठरवते. पण सांगून ठेवतो हो, पेटीला उजेड कळतो, माणूस कळत नाही. लहान खुंट्यांची सवय मोडू नका."

चिताऱ्याने मान डोलावली आणि पितळी खुंटी पिळली. त्यानंतर त्याने दुसऱ्या खुंटीला बोट म्हणून लावलं नाही. का लावावं? आया अंगणात बसत, पापणी लवायच्या आत तसबीर तयार होई, लोक वाहवा करीत. कुंचले माळ्यावर गेले. लोखंडी खुंट्यांना गंज चढला. दमलेल्या माणसाला याहून गोड काय असतं, तुम्हीच सांगा.

मग त्याच्याच मुलीचं लग्न ठरलं. सासर घाटाखाली, पार दर्याकाठी. इकडे चिताऱ्याची बायको अंथरुणाला खिळलेली. खिडकीला पाठ टेकून बसली तरच तिला धड श्वास घेता येई. ती फार दिवस काढणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"अहो," ती एकदा म्हणाली, "माझी तसबीर हातानं काढा. तेवढंच तुम्ही माझ्यासमोर बसाल."

"अगं, पेटी आहे ना. निघायच्या वेळी काढू. कितीसं काम ते!"



निघायची सकाळ उजाडली. अंगणात बैल जुंपले गेले. बायकोने नवं लुगडं नेसून घेतलं आणि ती खिडकीशी खाटेवर बसली. तिच्या पाठीमागून ऊन आत आलं होतं. चिताऱ्याने पेटी मांडली, पितळी खुंटी पिळली आणि कागद बाहेर काढला.

खिडकी सुरेख आली होती. गज आले होते, पलीकडची तुळस आली होती, बैलांची शिंगंसुद्धा आली होती. मधोमध, जिथे बायको बसली होती, तिथे नुसता काळा डाग होता.

त्याने पुन्हा काढली. पुन्हा तेच. त्याने लहान खुंट्या धरल्या. गंजून घट्ट झालेल्या. जोर केला तशी एक तुटून हातात आली. बायकोला हलवावं, तर तिला दम लागे. पूर्वी अशा वेळी आपण काहीतरी करत होतो, एवढं त्याला आठवलं. काय करत होतो, ते काही केल्या आठवेना. त्याने माळ्यावरून कुंचला काढला. केस ताठ झालेले, रंग सुकून गेलेले.

"व्याहीबुवा, आटपा! ऊन चढतंय, घाट उतरायचाय," बाहेरून हाक आली.

"राहू द्या आता," बायको म्हणाली. "दमलात तुम्ही. मीही दमले."

रीत मोडता येईना. तीच तसबीर मुलीच्या ओटीत गेली. तिने ती खूप वेळ पाहिली.

"बाबा, खिडकी छान आलीय," ती म्हणाली. मग तसबीर पदराखाली घेऊन ती गाडीत चढली.

आई त्याच वर्षी गेली. दर्याकाठच्या घरात मुलं विचारत, "आजी कुठंय गं यात?" तेव्हा चिताऱ्याची लेक काळ्या डागावर बोट ठेवून म्हणे, "ही इथे."

इकडे चिताऱ्याने खुंट्यांचा गंज काढला, तुटलेली बसवून घेतली. रोज तो पेटी त्या खिडकीसमोर मांडी, खुंट्या पिळी, उजेड बघे. एके सकाळी त्याला ते पांढरं धोतर आठवलं. ते त्याने समोर टांगलं मात्र, आणि खिडकीशी मऊ उजेड पडला, अगदी चेहऱ्यावर पडावा तसा. तसबीर निर्दोष आली. तिच्यात रिकामी खाट होती.

तो खाटेच्या काठावर, बायको बसत असे तिथे, जाऊन बसला.

तात्पर्य: साधन कितीही शहाणं असो, आपलं पाहणं त्याच्या स्वाधीन करू नये.